ढलप्यांचा ढीग आणि लाकडाचा स्टोव्ह: घराला ऊब कशातून घ्यावी?

ओली_फांदी:
छाटणीतून १५ घनमीटर ताज्या ढलप्या निघाल्या आहेत, पानांसकट. मनगटाहून जाड लाकूड वेगळं काढलंय. घरात लाकडाचा स्टोव्ह आहे, फरशीखाली गरम पाण्याचे पाइप आहेत. ढलप्या वाळवून जाळू, की ढीग कुजवून, त्या उबेवर पाणी तापवायला आत पाइप फिरवू? घर तेवढ्यावर भागेल का? पाइप किती लागेल?

सरपण_२०टक्के:
जाड लाकूड स्टोव्हला, ढलप्या ढिगाला. लाकूड फोडून रचा, वरून झाका, बाजू उघड्या ठेवा. ओलावा २० टक्क्यांखाली गेल्याशिवाय जाळू नका. नाहीतर उष्णता पाणी उडवण्यातच जाते आणि धुराड्यात डांबरासारखा थर बसतो. तोच थर पुढे पेट घेतो. ढलप्या साध्या स्टोव्हमध्ये घट्ट बसतात, मधून हवा जात नाही, नुसता धूर होतो. त्यांना वेगळा बॉयलर लागतो.

आता हिशेब. १५ घनमीटर ओला माल म्हणजे साधारण ५ टन, त्यात निम्मं पाणी. उरलेल्या अडीच टनांत किलोमागे ५ युनिट धरले तर १२,५०० युनिट. पण एका हंगामात लाकूड पूर्ण कुजत नाही आणि बरीच ऊब वाफेबरोबर जाते. सतत एक किलोवॉटच्या आसपास धरा. म्हणजे दिवसाला २४ युनिट, सुमारे ५९० लिटर पाणी १५ अंशांवरून ५० अंशांवर. अख्खं घर नाही भागणार, पण स्टोव्हवरचा भार कमी होईल. फ्रान्समध्ये कुजत्या ढिगांवर पाणी तापवण्याचे प्रयोग करणाऱ्या जाँ पें यांच्या ५० टनांच्या ढिगातून मिनिटाला ४ लिटर पाणी ६० अंशांवर मिळत असे, ही गोष्ट सगळे सांगतात. तो ढीग तुमच्या दहापट होता हे सांगत नाहीत.

वेटोळं:
३ मीटर व्यास, २.१ मीटर उंची: एवढ्यात तुमचा माल बरोबर मावतो. तळाला फांद्यांचा थर, खालून हवा आत यायला. मग ४० सेंटिमीटर ढलप्या, त्यावर २५ मिलिमीटर पाइपचं सपाट वेटोळं. कडेपासून ४० सेंटिमीटर आत राहा, दोन फेऱ्यांत १५ सेंटिमीटर सोडा. एका थराला २५ मीटर लागतो, चार थरांना १००. ढिगाच्या आत एकही जोड नको. पाइप पाण्याने भरून, दाब तपासून मगच पुरा. रिकामा पाइप ओझ्याखाली चेपतो.

ढलप्या मुठीत दाबल्या की एक-दोन थेंब यावेत. धार लागली तर हवा कोंडते आणि सडक्या अंड्यांचा वास येतो. थेंबच नाही आला तर कुजणं थांबतं. थोडं शेण मिसळा, पण फार नको. ढीग लवकर तापतो आणि लवकरच बसतो. स्टोव्हची राख मात्र अजिबात नको, तिच्या क्षारामुळे नत्र अमोनिया होऊन उडतं.

ओली_फांदी:
ढिगातलं पाणी थेट नळाला सोडलं तर? आणि साधा काळा पाइप चालेल का?

पंप_बंद_ठेवा:
थेट नको. २० ते ४५ अंशांच्या पाण्यात लेजिओनेला हा न्यूमोनिया करणारा जीवाणू वाढतो, आणि ढीग थंडावला की पाणी नेमकं तिथेच रेंगाळतं. ढिगातलं पाणी त्याच्याच बंदिस्त चक्रात फिरू द्या, मध्ये हीट एक्स्चेंजर (दोन्ही पाणी न मिसळता ऊब पोचवणारा), सोबत प्रसरण टाकी (तापून वाढलेल्या पाण्याला जागा देणारी). गोठण्याची भीती असेल तर त्या चक्रात प्रोपिलीन ग्लायकॉल घाला. साधा काळा पीई (पॉलिथिलीन) पाइप ६० अंशांना मऊ पडतो, दाब धरत नाही; गरम पाण्यासाठी बनवलेला पेक्स किंवा पीई-आरटी पाइप घ्या.

ढीग बहुतेक वेळा मरतो तो हावरटपणामुळे. पंप दिवसभर चालवला की गाभा ४० अंशांखाली येतो, जंतू मंदावतात, मग पाणी आणखी गार. गाभ्यात सेन्सर घालून पंप ५५ ला सुरू, ४५ ला बंद असा लावा. पंप बंद ठेवूनही चार-पाच दिवसांत तापमान चढलं नाही, तर हात घालून बघा, बहुधा मधला भाग वाळलेला असतो. वरून पाणी एकदम ओतलं तर ते कडेने निसटतं, म्हणून झारीने थोडं थोडं द्या. ढीग उकरताना तोंडाला मास्क लावा, आत वाढलेल्या पांढऱ्या बुरशीची धूळ छातीला वाईट.