सीलरचा आणखी एक हात देण्याआधी

काँक्रीटच्या जमिनीवर सीलरचा (पारदर्शक संरक्षक लेपाचा) पहिला हात दिल्यावर चकाकी डागाळलेली दिसते, म्हणून त्यावर दुसरा जाड हात द्यावा, असा सल्ला दिला जातो. माझ्या मते तसं करू नका. चकचकीत सीलर खालचं काहीच लपवत नाही, उलट थापीच्या रेषा आणि उंचवटे प्रकाशात जास्तच उठून दिसतात. आधी दिलेला थर पूर्ण सुकू द्या, मग 80 किंवा 120 नंबरच्या सँडिंग डिस्कने रेषा काढा आणि 220 ने हलकं फिरवा. एपॉक्सी (दोन घटक मिसळून लावायचा रेझिनचा लेप) द्यायचं असेल तर 220 फिरवून इतकं गुळगुळीत करू नका, त्याला पकड लागते. धूळ व्हॅक्यूमनेच काढा, झाडूने ती कोपऱ्यात बसते आणि नंतर दाण्यांसारखी दिसते.

जमिनीतली ओल नक्की तपासा. प्लॅस्टिकच्या तुकड्याच्या चारही कडा चिकटपट्टीने बंद करून तो किमान 16 तास ठेवा. खाली दव दिसलं तर थांबा. सॉल्व्हंटवाल्या (उडून जाणाऱ्या द्रावकातल्या) ॲक्रिलिक सीलरचे दोन पातळ हात द्या. जाड हातात सॉल्व्हंट अडकून बुडबुडे येतात. एपॉक्सी मात्र जमीन तापत असताना नको, उतरत्या उन्हात द्या. आणि ते उन्हाने पिवळं पडतं, म्हणून खिडकीजवळ वरून ॲलिफॅटिक पॉलियुरेथेन (उन्हात पिवळा न पडणारा लेप) हवंच.