अनुभव धागा : गल्लीतल्या जुन्या कथकच्या क्लासचा ठेवा

चाळीस-पन्नास वर्षं चाललेल्या क्लासचा इतिहास स्मरणिकेपेक्षा वह्या, कॅसेटी आणि घुंगरांत जास्त सापडतो. हे सगळं ज्यांनी हाताळलंय त्यांनी लिहा. आठवणी नकोत, कामाचं लिहा.

वह्या उतरवणारी
सगळ्यात मोठा घोळ दमाचा, म्हणजे बोलांच्या मधल्या थांब्याचा. सोळा मात्रांच्या तीनतालात समेवरून (पहिल्या मात्रेवरून) उचललेली साधी तिहाई, म्हणजे तीनदा म्हणून समेवर संपवायची रचना, घ्या: ५ मात्रांचा पल्ला (बोलांचा गट) तीनदा, मधे एकेक मात्रेचे दोन दम. १५ अधिक २, म्हणजे सतराव्या मात्रेला पुढची सम. जुन्या वहीत मात्र नुसते बोल असतात, कारण बाई हातावर ताल धरून पढंत करायच्या, म्हणजे बोल तोंडाने म्हणायच्या, आणि दम ऐकूनच कळायचा. आज कागदावरून वाचणारी पंधराव्या मात्रेलाच संपते आणि तुकडा चुकीचा म्हणून बाजूला ठेवते. दमाला अवग्रह (ऽ), एका मात्रेतल्या बोलांखाली अर्धचंद्र, समेला फुली, खालीला (टाळी नसलेल्या मात्रेला) शून्य घाला. मूळ शाईला हात लावू नका, दुरुस्ती पेन्सिलीने.

तबल्यावर साथ करणारा
कॅसेट कॉम्प्युटरवर घेण्याआधी लेहऱ्याचा (नाचाच्या साथीला फिरत राहणाऱ्या धुनेचा) सूर तपासा. काळी एकचा लेहरा पेटीवरच्या लगेच पुढच्या पट्टीत, पांढरी दोनमध्ये, वाजत असेल तर टेप पळतेय, आणि लयही सुमारे ६ टक्के चढलेली आहे. त्यावरून "तेव्हा केवढी द्रुत नाचायच्या!" असले निष्कर्ष निघतात. प्लेअरचा पट्टा सैल असेल तर उलटं होतं, सूर उतरतो नि डगमगतो.

परीक्षांची कागदपत्रं लावणारी
गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक ते विशारद पूर्ण अशा सात पायऱ्या. एखादीचा मध्यमा पूर्णचा निकाल हाती असला की तारीख नसलेल्या गॅदरिंगच्या फोटोचं सालही अंदाजाने बसतं.

बंदिशी जमवणारा
बंदिशीपुढे, म्हणजे बांधलेल्या रचनेपुढे, नुसतं घराणं लिहून भागत नाही. पुण्यात १९४७ साली नृत्यभारती ही कथकची संस्था सुरू करणाऱ्या रोहिणी भाटे लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर या दोघांकडे शिकल्या होत्या. कुठली चीज कोणाकडून आली ते प्रत्येक चिजेपुढे लिहा.

घुंगरं ओवणारी
जुनी घुंगरं धुऊ नका. आतली लोखंडी गोळी गंजते, नाद बसतो. कोरड्या कापडाने पुसा. दोरी सुतीच घ्या, नायलॉनची गाठ सरकते. दर घुंगरामागे गाठ हवी. ती सैल राहिली तर तत्कारातला (पायांच्या कामातला) "थेई" फिसकटतो.