संगीताचं शास्त्र ऑनलाइन शिकायचंय, सुरुवात कुठून करू?

पारिजात
घरी ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड आहे. व्हिडिओ बघून गाण्यांच्या ओळी वाजवता येतात, पण आपण नेमकं काय वाजवतोय ते कळत नाही. एका व्हिडिओत सा पांढरी एकवर, दुसऱ्यात काळी चारवर, तिसरीकडे सी-डी-ई. थाट, राग, स्केल, कॉर्ड सगळं एकदम अंगावर येतं. गावात क्लास नाही, म्हणून ऑनलाइनच शिकावं लागणार. गायचीही आवड आहे, रोज अर्धा तास देऊ शकते. आधी हिंदुस्थानी शिकावं की पाश्चात्त्य? क्रम काय ठेवावा? आणि भरवशाचं मोफत साहित्य कुठे मिळेल?

षड्जपंचम
सा कुठल्याही एका पट्टीला बांधलेला नाही. तुम्ही जिथे सा धराल तिथून बाकीचे स्वर मोजायचे. सी, डी, ई ही मात्र पट्ट्यांची पक्की नावं आहेत: पांढरी एक म्हणजे सी, काळी एक म्हणजे सी शार्प, पांढरी चार म्हणजे एफ, काळी चार म्हणजे जी शार्प.

आता अंतरं. सप्तकात बारा स्वर असतात: सात शुद्ध, चार कोमल (रे, ग, ध, नि) आणि एक तीव्र म. शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर एक धरा, मधली काळी पट्टीही मोजायची. शुद्ध सप्तक म्हणजे २-२-१-२-२-२-१. पांढरी एकपासून वाजवलं तर सगळ्या पांढऱ्या पट्ट्या येतात, त्यामुळे डोक्याला काही काम पडत नाही. म्हणून तेच काळी एकपासून वाजवा: सा काळी एक, रे काळी दोन, ग पांढरी चार, म काळी तीन, प काळी चार, ध काळी पाच, नि वरची पांढरी एक. चुकतं ते ग आणि नि वर, कारण बोट सवयीने पुढच्या काळी पट्टीवर जातं. या टप्प्यावर ट्रान्सपोजच्या बटणाला हात लावू नका. ते दाबलं की पट्टी बदलते पण बोटं जुन्याच जागी राहतात, आणि अंतरं शिकायची राहूनच जातात.

गाण्यासाठी स्वतःचा सा शोधा. खाली मंद्र पंचम स्पष्ट लागला पाहिजे आणि वर तार गंधारापर्यंत गळ्यावर ताण न येता जाता आलं पाहिजे. बायकांचा सा बहुधा पांढरी पाच ते काळी पाचच्या दरम्यान येतो, पुरुषांचा पांढरी एक ते काळी दोनच्या आसपास. एकदा ठरला की निदान सुरुवातीचे काही महिने तो बदलू नका.

मग फोनवर तानपुऱ्याचं अ‍ॅप त्या पट्टीत लावा, पहिली तार पंचमाची. अर्ध्या तासातली पहिली दहा मिनिटं नुसता सा, मग सा-प, मग सा-ग-प. इथे एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. तानपुऱ्याशी नीट जुळणारा शुद्ध गंधार कीबोर्डच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट खाली असतो (शेजारच्या दोन पट्ट्यांत १०० सेंट). ट्यूनर अ‍ॅप कीबोर्डच्या हिशोबाने चालतं, म्हणून तुम्ही बरोबर गायलात तरी ते ‘उतरला’ असं दाखवेल. अशा वेळी तानपुऱ्याचं ऐका, ट्यूनर बंद करा. पंचमात हा फरक जेमतेम दोन सेंटचा, तिथे अडचण येत नाही.

डग्गा
षड्जपंचम यांच्याशी सहमत, पण अर्ध्या तासातली दहा मिनिटं तालाला काढून ठेवाच. ऑनलाइन शिकणाऱ्यांचा ताल हमखास कच्चा राहतो, कारण व्हिडिओ आपल्यासाठी थांबत नाही आणि चूक कोणी दाखवत नाही.

दादरा (६ मात्रा) आणि केरवा (८) आधी करा, मग त्रिताल. ठेका तोंडाने म्हणायचा, हाताने टाळी द्यायची:

धा धिं धिं धा । धा धिं धिं धा । धा तिं तिं ता । ता धिं धिं धा

१, ५ आणि १३ वर टाळी, ९ वर ‘खाली’ (टाळी न देता हात नुसता बाजूला). नीट ऐका: नवव्या मात्रेवर धा असतोच. डग्ग्याची गुंज जाते ती दहाव्या मात्रेला आणि परत येते चौदाव्याला. ही ये-जा कानाला कळली की मात्रा न मोजता सम (आवर्तनाची पहिली मात्रा) कुठे येणार ते समजू लागतं.

मेट्रोनोम ६० वर ठेवा. दुगुन करताना बहुतेक जण तो १२० वर नेतात. ती दुगुन नव्हे, तो नुसता द्रुत ठेका झाला. मेट्रोनोम ६० वरच राहू द्या आणि एका मात्रेत दोन बोल बसवा, म्हणजे एका आवर्तनात ठेका दोनदा पुरा होऊन समेवर याल. आणि ब्लूटूथ हेडफोन वापरू नका. त्यात आवाज कानाशी उशिरा पोचतो, तुम्ही पट्टी दाबता तेव्हा ठोका पुढे गेलेला असतो. तारेचे इअरफोन घ्या.

मध्यममार्ग
हिंदुस्थानी की पाश्चात्त्य, तर तुमच्या बाबतीत आधी हिंदुस्थानी. गाणाऱ्याला सा धरून विचार करता येणं फार उपयोगी पडतं. पुढे पाश्चात्त्य शिकताना फुकट काही जात नाही. थाट म्हणजे रागांच्या वर्गवारीसाठीचे सात स्वरांचे साचे, पाश्चात्त्यांकडे असेच साचे म्हणजे स्केल आणि मोड्स: बिलावल थाट म्हणजे मेजर स्केल, आसावरी म्हणजे नॅचरल मायनर, काफी म्हणजे डोरियन, खमाज मिक्सोलिडियन, कल्याण लिडियन, भैरवी फ्रिजियन. भातखंड्यांच्या दहा थाटांतले उरलेले चार (भैरव, पूर्वी, मारवा, तोडी) या मोड्समध्ये बसत नाहीत.

कॉर्डचा हिशोबही अंतरांचाच. मेजर म्हणजे ४ + ३ (सा-ग-प), मायनर म्हणजे ३ + ४ (सा-कोमल ग-प). भावगीताला कॉर्ड लावताना ठरलेली चूक होते ती यमनात. सा पांढरी एक असेल तर सवयीने एफ मेजर दाबला जातो. त्यात शुद्ध मध्यम आहे, आणि गाण्यात तीव्र. दोन्ही एकदम वाजले की कान किटतात. तिथे डी मेजर लावून बघा: रे, तीव्र म, ध. पाश्चात्त्य लेखन वाचायला म्युझिकथिअरी डॉट नेटवरचे धडे उत्तम आहेत, मोफत आहेत, आणि स्वर ओळखण्याचा सरावही तिथेच होतो.

स्वरलेखनाबद्दल एक सावधगिरी. आपल्याकडे दोन पद्धती चालतात. भातखंडे पद्धतीत स्वरावर टिंब म्हणजे तार सप्तक, खाली टिंब म्हणजे मंद्र. पलुस्कर पद्धतीत स्वरावर टिंब म्हणजे मंद्र, आणि तारसाठी वर उभी रेघ. तीच उभी रेघ भातखंड्यांकडे तीव्र मध्यमाची खूण! नेटवरून उतरवलेली बंदिश कोणत्या पद्धतीतली आहे ते पाहिल्याशिवाय वाजवायला बसू नका.

पारिजात
खूप आभार सगळ्यांचे. काळी एकपासून वाजवून पाहिलं, नि वर खरंच चुकलं. आणखी एक: भूप आणि देसकार दोन्ही सा रे ग प ध. स्वर तेच असताना राग दोन कसे? शिवाय व्हिडिओ कॉलवर शिकवणाऱ्या एका बाईंकडे विचारणा केली आहे, तर तयारी काय करावी?

षड्जपंचम
राग म्हणजे स्वरांची नुसती यादी नाही. भूपात वादी (सर्वांत महत्त्वाचा स्वर) गंधार, संवादी (त्याखालोखालचा) धैवत, आणि गाणं मुख्यतः सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात फिरतं. देसकारात उलट: वादी धैवत, आणि वावर पंचमाच्या वर, तार षड्जाकडे. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरी गातात, देसकार सकाळी. भूपात ग वर थांबून बघा, मग तीच पट्टी सोडून ध वर थांबा. रंग पालटतो.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर मुंबईची एनसीपीए ही कलासंस्था आणि ऑस्ट्रेलियातलं मोनॅश विद्यापीठ यांचा ‘म्युझिक इन मोशन’ प्रकल्प जरूर बघा. नामवंत गायकांच्या आलापाबरोबर स्वराची रेघ पडद्यावर सरकत जाते. मींड पट्टीवरून पट्टीवर उडी मारत नाही, मधली सगळी जागा घासत जाते, हे तिथे स्पष्ट दिसतं. कीबोर्डवर ते करता येत नाही, म्हणून गळ्यानेही शिका.

डग्गा
कॉलबद्दल. झूम असेल तर सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ चालू करा, दोन्हीकडे. नाहीतर अ‍ॅप तानपुऱ्याच्या अखंड नादाला पंख्याची घरघर समजून कापून टाकतं, आणि लांबवलेला सा मध्येच विरतो. त्यांच्याबरोबर एकाच वेळी गायचा प्रयत्न करू नका, आवाज जाऊन यायला वेळ लागतो आणि ताल कधीच जुळत नाही. त्या गातील, थांबतील, मग तुम्ही म्हणा. तानपुरा दुसऱ्या फोनवर तुमच्या पट्टीत लावा, आणि त्यांचा तानपुरा वेगळ्या पट्टीत असेल तर तुमची पाळी आली की तो बंद करायला सांगा.