लेकीच्या मेंदूतली रसायनं मोजणारा स्कॅन: संमती द्यावी का?

लेक १५ वर्षांची. गेले ७ महिने नैराश्यावर उपचार चालू आहेत, फ्लुओक्सेटिन आणि दर आठवड्याला समुपदेशन. झोप आता बरी लागते, पण मन कशातच लागत नाही. चित्रं काढताना जेवण विसरणारी पोर, वही उघडलेलीसुद्धा नाही.

तिच्या डॉक्टरांमार्फत एका संशोधनासाठी विचारणा झालीय. एमआरआयच्याच यंत्रात पडून राहायचं आणि ते मेंदूतली ग्लुटामेट, गाबा वगैरे रसायनं (पेशी एकमेकींना निरोप धाडायला वापरतात ती) मोजणार. नाव एमआर स्पेक्ट्रोस्कोपी. संमतीपत्र दोनदा वाचलं तरी प्रश्न आहेतच. यात किरणोत्सर्ग असतो का? सेरोटोनिन हे रसायन कमी आहे का ते कळून गोळी बदलता येईल का? दातांना ब्रेसेस आहेत, चालतील? आणि फॉर्मवर पाळीची तारीख कशाला?

खरं तर घाई मला नाही, तिला आहे. "एकदा फोटोत दिसलं की मी नाटक करत नाही हे सगळ्यांना कळेल," म्हणाली. घरातली मोठी माणसं काय बोलतात ते इथे लिहवत नाही. तिला काय सांगू?

– गोंधळलेली_आई

तीन_टेस्ला: किरणोत्सर्ग अजिबात नाही. चुंबक आणि रेडिओलहरी, नेहमीच्या एमआरआयसारखंच. पेट (PET) स्कॅन नावाच्या दुसऱ्या तपासणीत किरणोत्सर्गी द्रव्य टोचावं लागतं, मुलांच्या अभ्यासात हे बरं पडतं ते त्यामुळेच.

सेरोटोनिन विसरा. ते इतकं कमी असतं की या पद्धतीला दिसतच नाही. ग्लुटामेट बऱ्यापैकी दिसतं. गाबाची खूण मात्र आलेखात क्रिएटिन या दुसऱ्या रसायनाच्या उंच शिखराखाली दडलेली असते, ती बाहेर काढायला मेगा-प्रेस नावाची खास पद्धत वापरतात. त्यासाठी साधारण ३ सेंमी बाजूचा ठोकळा निवडून १० मिनिटांच्या आसपास मोजत बसतात. म्हणजे लिंबाएवढ्या भागाची सरासरी! शिवाय पेशींच्या आतला साठा आणि पेशी एकमेकींना धाडतात तो, सगळं एकत्रच मोजलं जातं. फोटो निघत नाही हो ताई, चढउतारांची एक रेघ निघते.

ब्रेसेसचं आधी विचारा. धातूमुळे चुंबकीय क्षेत्र बिघडतं, आणि बघायचं असतं ते बहुधा कपाळामागे मधोमध, म्हणजे दातांपासून फार लांब नाही. बऱ्याच अभ्यासांत ब्रेसेसवाल्यांना घेतच नाहीत. पाळीचं म्हणाल तर, गाबाचं प्रमाण चक्रानुसार बदलतं असं दिसलंय, म्हणून तारीख.

सरासरीचा_माणूस: वरच्या प्रतिसादाला +१. २०१२ च्या एका अभ्यासात नैराश्य असलेली २० आणि नसलेली २१ किशोरवयीन मुलं होती. नैराश्यवाल्या गटात मेंदूच्या पुढच्या सिंग्युलेट भागातलं (कपाळामागे मधोमध) गाबा कमी आढळलं, विशेषतः ज्यांना कशातच आनंद वाटेनासा झाला होता त्यांच्यात. तुमच्या लेकीचं वर्णन वाचून तेच आठवलं. पण तो फरक गटांचा. एकेका मुलाचे आकडे एकमेकांत मिसळतात, त्यामुळे अमुक आकड्याखाली म्हणजे नैराश्य अशी रेघ मारता येत नाही. निदान अजूनही बोलूनच होतं: ठरलेल्या ९ पैकी किमान ५ लक्षणं, किमान २ आठवडे. या वयात उदासीऐवजी चिडचिडही धरतात.

अवांतर: "रसायनांचा असमतोल" हा शब्दप्रयोग ज्याने रुळवला त्याने बऱ्याच घरांत घोटाळा करून ठेवलाय.

पूर्वी_भाग_घेतलेली: मी १७ व्या वर्षी अशाच अभ्यासात होते. यंत्राच्या ठकठकीची सवय होते, हलायचं नाही हेच अवघड. आपल्याला निकालाचा कागद मिळेल असं मला वाटत होतं. मिळाला नाही, तसं संमतीपत्रात लिहिलंच होतं. पण मी तो घरी दाखवायचं ठरवून बसले होते ना. तो आठवडा फार वाईट गेला. लेकीला हे आधीच सांगा. आणि समजा आकडे दिले आणि ते इतरांसारखेच निघाले, तर ती "म्हणजे मला काही झालंच नाही" असा अर्थ लावेल. तुमच्या सहीइतकाच तिचा होकारही लागतो, आणि मधेच नको म्हटलं तरी उपचारांवर परिणाम होत नाही.

गोंधळलेली_आई: सगळ्यांचे आभार. आज फोन केला. ब्रेसेस असेपर्यंत घेणार नाहीत. तिला तुमचे प्रतिसाद वाचून दाखवले. रेघेचं ऐकून हिरमुसली. मग शेवटच्या प्रतिसादातल्या ताईंना विचार म्हणाली, "त्या घरच्यांना शेवटी कसं पटलं?"

तर विचारते. कसं पटलं?

पूर्वी_भाग_घेतलेली: डॉक्टरांनी आजोबांना एकदा सोबत बोलावलं, समोर बसवून अर्धा तास बोलले. आजोबांना पटलं. काकूंना अजून नाही.