रुग्ण कमी म्हणजे देश निरोगी? कॅन्सरच्या आकड्यांत अडकलोय

पेन्सिल
लेकीला शाळेत प्रकल्प आहे, ‘कॅन्सर आणि देशाचं आरोग्य’. कालपासून आम्ही दोघी आकड्यांत बुडालोय. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था ल्योंला आहे, तिचे २०२२ चे अंदाज मिळाले. जगभरात सुमारे २ कोटी नवे रुग्ण, ९७ लाख मृत्यू. २०५० मध्ये वर्षाला साडेतीन कोटी नवे रुग्ण. इथवर ठीक.

गाडी अडली ती पुढे. मानव विकास निर्देशांकात (आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न यांवरून देशांची क्रमवारी) सगळ्यांत वर असलेल्या देशांत आयुष्यभरात १२ पैकी एका बाईला स्तनाच्या कॅन्सरचं निदान होतं. तळातल्या देशांत २७ पैकी एकीला. लेक म्हणाली, “म्हणजे गरीब देशच बरे की!” मला पटेना, पण उत्तरही सुचेना. मग बोजा जास्त कुणावर म्हणायचा?

रोखठोक
श्रीमंत देशांत लोक जास्त जगतात, मुलं उशिरा होतात, दारू, वाढलेलं वजन. म्हणून तिथे जास्त. कोडं कसलं त्यात?

नोंदवहीवाली
रोखठोक, तुमचं अर्धं बरोबर आहे. उरलेलं अर्धं त्याच तक्त्यात शेजारच्या रकान्यात आहे. मृत्यू बघा. वरच्या देशांत ७१ पैकी एक बाई या आजाराने दगावते, तळाच्या देशांत ४८ पैकी एक. आता भागाकार करा. वर सहाजणींना निदान होतं तेव्हा त्यांतली एक जाते. खाली दोघींना होतं तेव्हा एक जाते, किंबहुना थोडं जास्तच. लेकीला एवढंच दाखवा, पुढचं ती स्वतः बोलेल.

आणि ‘२७ पैकी एक’ यात फक्त निदान झालेल्याच मोजल्यात. जिची गाठ कुणी तपासलीच नाही, ती कुठल्याच रकान्यात नाही.

मी सतरा वर्षं कर्करोग नोंदणीत होते. एका ठरावीक भागात राहणाऱ्या प्रत्येक रुग्णाची नोंद करायची, मग तो उपचाराला कुठेही जावो. कागद तीन वाटांनी यायचे: पॅथॉलॉजीचा रिपोर्ट, रुग्णालयाचं केसपेपर, मृत्यूचा दाखला. एकदा टेबलावर तीन कागद शेजारी. एकावर पूर्ण नाव, वय ५२. दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर आणि आडनाव, वय ५५. तिसऱ्यावर लग्नाआधीचं आडनाव, वयाची जागा कोरी. बायका तीन की एकच? तीन मोजल्या तर देशाचा बोजा फुकटचा वाढला, एक मोजली आणि त्या खरंच तिघी असल्या तर दोघी पुसल्या गेल्या. पूर्ण दिवस त्यात गेला. पत्ता जुळला, गाठीची बाजूही जुळली. एकच होती.

दाखल्यांवर कारण काय असायचं? ‘हृदयक्रिया बंद पडल्याने’. अहो, ती सगळ्यांचीच बंद पडते! मग परत फोन, परत पत्र. काही रुग्णांची तर पहिली आणि शेवटची नोंद म्हणजे तो दाखलाच. त्यांचा गठ्ठा आम्ही वेगळा ठेवायचो. तो जाड झाला की समजायचं, निदानाच्या वेळी माणसं आपल्या हातून निसटतायत.

पेन्सिल
भागाकार केला. लेक गप्प झाली, मग म्हणाली “फसवलं की आपल्याला.” 😅 आता दुसरी शंका. २०५० चा आकडा म्हणजे ७७ टक्के वाढ. एवढा कॅन्सर वाढतोय?

नोंदवहीवाली
तो अंदाज मुख्यतः लोकसंख्या आणि तिचं वाढतं वय यांवरून काढलेला आहे. आजच्याच दराने चाललं तरी म्हातारी माणसं जास्त झाली की रुग्ण जास्त. म्हणून दोन देशांची तुलना करताना वयप्रमाणित दर घ्यायचा. दोन्हीकडे वयांची रचना सारखी असती तर दर किती आला असता, तो हा आकडा. पण खाटा आणि डॉक्टर किती लागतील हे ठरवताना कच्चा आकडाच कामाचा. रांगेत माणसं उभी राहतात, दर नव्हे.

उलटी फसगतही सांगते. दक्षिण कोरियात १९९९ नंतर राष्ट्रीय तपासणी मोहिमेच्या जोडीने थायरॉइडची सोनोग्राफीही सर्रास होऊ लागली. २०११ मध्ये थायरॉइड कॅन्सरचं प्रमाण १९९३ च्या १५ पट. मृत्यूदर मात्र होता तिथेच! ज्या बारीक गाठींनी कधी त्रास दिला नसता, त्याही सापडत होत्या आणि लोकांच्या ग्रंथी काढल्या जात होत्या.

सोबती
मध्येच बोलतो. वडिलांच्या आजारपणात मी दोन वर्षं त्यांच्यासोबत होतो. केमोच्या खुर्चीशेजारचं स्टूल, तीच माझी जागा. नोकरी त्यातच गेली. हा बोजा कुठल्या रकान्यात धरतात?

नोंदवहीवाली
धरत नाहीत. आजाराचा बोजा मोजताना अकाली मृत्यूने गेलेली वर्षं अधिक आजारपणात काढलेली वर्षं, अशी बेरीज असते. चाळिशीतला मृत्यू त्यात ऐंशीतल्यापेक्षा जड धरला जातो, ते योग्यच. पण ती वर्षं रुग्णाची. स्टुलावर बसलेल्याची नाहीत. आमच्या फॉर्मवरही सोबत कोण आलं होतं, हा रकाना नव्हता. मला तेव्हा खटकलंही नाही.

पेन्सिल
सोबती, हे प्रकल्पात घालू का? नाव न देता.

सोबती
घाला की.

नोंदवहीवाली
जागा उरली तर तैवानही घ्या. १९८४ पासून तिथे नवजात बाळांना हिपॅटायटिस बीची लस देऊ लागले आणि पुढे मुलांमधला यकृताचा कॅन्सर घटला. नोंदी नीट होत्या म्हणून ते दिसलं तरी. आणि प्रत्येक आकड्याखाली वर्ष लिहा, ‘अंदाज’ हा शब्दही. मुलं तो हमखास गाळतात.