दोन क्लबांची एकत्र ऑफ-रोड सहल: खुणा कुणाच्या चालवायच्या?

मागचा_दिवा

नमस्कार मंडळी. दोन आठवड्यांनी शनिवार-रविवारी आमचा क्लब आणि दुसरा एक क्लब मिळून ऑफ-रोडला निघतोय. आमच्या सहा गाड्या, बहुतेक जिमनी, सगळ्या हलक्या. त्यांच्या नऊ: लँड क्रूझर जास्त, दोन रँग्लर, एक जुनी डिफेंडर. एकूण पंधरा गाड्या, दोन म्होरके आणि शेपटाला मी. गेली सहा वर्षं ताफ्यात माझी गाडी शेवटची असते. कुणी मागे राहिलं, कुणी चुकीच्या फाट्याला वळलं, कुणाच्या गाडीखाली काही लोंबायला लागलं, तर ते आधी मला दिसतं.

विचारायचं कारण मागच्या महिन्यात घडलं. ओळख व्हावी म्हणून अर्ध्या दिवसाचा सराव ठेवला होता. खडकाळ चढावर आमच्यातला एक नवा मुलगा गाडी चढवत होता. वाट दाखवायला समोर त्यांचा एक मुरलेला गडी, आणि डाव्या अंगाला आमचा म्होरक्या. समोरच्याने हात वर करून मूठ आवळली. आमच्यात आवळलेली मूठ म्हणजे 'थांब, जागचा हलू नकोस'. त्यांच्यात मूठ म्हणजे 'स्टिअरिंग असंच धर, येऊ दे'. पोराने ऐन पायरीवर ब्रेक मारला, पुढचं उजवं चाक हवेत. तेवढ्यात आमचा म्होरक्या ओरडला, 'मागे घे, मागे घे!' पोरगं गांगरलं, क्लच दाबला, ब्रेकवरचा पाय सैल पडला आणि गाडी मोकळी घरंगळली. चार-पाच हात मागे येऊन एका धोंड्यावर आदळली.

कुणाला लागलं नाही. पण त्या धोंड्याच्या मागे दोन पावलांवर मी उभी होते. त्याच्या मागच्या दिव्याची लाल काच फुटून माझ्या बुटावर येऊन पडली. तो तुकडा अजून डॅशबोर्डवर ठेवलाय.

दोघांनीही आपापल्या परीने बरोबरच सांगितलं होतं, म्हणून कुणाला बोल लावता येत नाही. त्यामुळेच जास्त काळजी वाटते. तर खुणा कुणाच्या धरायच्या? पंधरा गाड्यांचा एकच ताफा करावा की दोन? गाडी रुतली तर सूत्रं कुणाकडे? ज्यांनी दोन क्लब एकत्र नेलेत त्यांनी सविस्तर लिहा, प्लीज.

लो_रेंज

ताई, काचेचं वाचून अंगावर काटा आला. आधी तेच सांगतो: चढणाऱ्या गाडीच्या मागे उताराच्या रेषेत कुणीही उभं राहायचं नाही, तुम्हीसुद्धा. शेवटची गाडी पायथ्याला, चढाच्या रेषेपासून बाजूला लावा. चढावर एका वेळी एकच गाडी. ती वर जाऊन 'मोकळं' म्हणेपर्यंत दुसरीने चाक फिरवायचं नाही.

आता खुणा. 'आमच्या की तुमच्या' या वादात पडूच नका. जी खूण दोन्हीकडे वेगळ्या अर्थाने वापरतात, ती दोन दिवसांसाठी बादच करा. मूठ गेली. थांबण्यासाठी दोन्ही हात डोक्यावर फुलीसारखे धरायचे. ही खूण धुळीतूनही दिसते आणि दुसरी कुठली समजली जात नाही. 'ये' म्हणजे दोन्ही तळवे स्वतःकडे. स्टिअरिंग वळवायचं असेल तर दोन्ही हात त्या बाजूला सरळ. तोंडाने 'डावीकडे', 'उजवीकडे' म्हणूच नये, कारण समोर उभ्या माणसाचं डावं ते ड्रायव्हरचं उजवं. बोलायचंच झालं तर 'तुझ्या दाराकडे' किंवा 'शेजारच्या सीटकडे' असं म्हणा, त्यात गफलत होत नाही.

सकाळी टायरची हवा थोडी कमी करण्याआधी सगळ्यांना गोल उभं करा आणि प्रत्येकाकडून खुणा करून घ्या. दहा मिनिटं जातात. नुसतं वाचून दाखवलं तर कुणाच्या लक्षात राहत नाही, हाताला वळण पडावं लागतं.

आणि सगळ्यात वरचा नियम: 'थांब' कुणीही म्हणावं, 'ये' फक्त एकाने. लहान मूल जरी 'थांब' ओरडलं तरी गाडी थांबली पाहिजे. पण पुढे बोलावणारा माणूस प्रत्येक अडथळ्याला एकच, आणि तो कोण हे ड्रायव्हरला नजरेनं कळलं पाहिजे. आमच्याकडे तो केशरी जाकीट घालतो. दुसऱ्याला जबाबदारी द्यायची तर जाकीट काढून त्याच्या हातात द्यायचं. जाकीट नसलेल्याकडे ड्रायव्हर बघतसुद्धा नाही. जाकीटवाला दिसेनासा झाला तर जागच्या जागी थांबायचं.

पोराला एक गोष्ट शिकवाच. चढ अर्ध्यात फसला, इंजिन बंद पडलं, तरी न्यूट्रल नाही आणि क्लच दाबून मागे येणं तर नाहीच. ब्रेक पायाखाली घट्ट, लो रेंजमधला (जास्त ताकदीच्या, सावकाश गिअरांतला) रिव्हर्स टाकायचा, क्लचवरचा पाय पूर्ण उचलायचा आणि मग ब्रेक हळूहळू सोडत इंजिनच्या आवळण्यावर सरळ रेषेत मागे. वळवायचा मोह टाळायचा, उतारावर गाडी आडवी झाली की कलंडायला वेळ लागत नाही. हे सपाटीजवळच्या छोट्या चढावर चार वेळा करून घ्या. भीती जाते.

चाकोरी

पंधरा गाड्यांचा एक ताफा नको. एक गाडी अडकली की चौदा खोळंबतात, लोक कंटाळून वाट सोडून बाजूने गाड्या घालायला लागतात आणि गवताळ जमिनीची नासाडी होते. आठ आणि सात असे दोन ताफे करा, दोन्हींत दोन्ही क्लबांच्या गाड्या मिसळून.

क्रमाचं मात्र बारकाईने बघा. चिखलात मी हलक्या गाड्या आधी सोडतो. चार लँड क्रूझर गेल्यावर जी चाकोरी पडते ती जिमनीच्या मापाची नसते. दोन चाकांमधलं अंतर कमी, म्हणून एक बाजू चाकोरीत उतरते आणि दुसरी मधल्या उंचवट्यावर चढते. गाडी तिरकी होऊन घसरत राहते. चाकोरी खोल असेल तर डिफरन्शियलचा गोळा (अ‍ॅक्सलवरचा गिअरचा डबा) मधल्या मातीवर टेकतो आणि चाकं नुसती गरागरा फिरतात. मी एकदा तशा जागी अडकलो होतो. फावड्याने पोटाखालची माती खरवडून काढायला पाऊण तास लागला, तोही आडवं पडून, कोपरापर्यंत चिखलात हात घालून. तेव्हापासून क्रम ठरवल्याशिवाय मी चिखलात गाडी घालत नाही.

ओढ्याला उलट. आधी माणसाने काठी घेऊन चालत पार करायचं, तळाला खड्डा आहे की दगड हे पायाने बघायचं. चालत जाता येत नसेल इतकी ओढ असेल तर गाडीही घालायची नाही. मग उंच, जड गाडी पहिली. पाण्यात गिअर बदलायचा नाही, एकसारख्या संथ वेगाने पुढे लाट ढकलत जायचं. तापलेले अ‍ॅक्सल थंड पाण्यात गेले की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढलं जातं, म्हणून पलीकडे गेल्यावर नाही तरी घरी आल्यावर डिफरन्शियलचं तेल बघा. दुधाळ दिसलं तर लगेच बदला.

टायरच्या हवेचा (पीएसआयमधला) एकच आकडा सगळ्यांना पुकारू नका. दुसऱ्या क्लबचा म्होरक्या सवयीने '२४ करा रे' म्हणेल. ते त्याच्या अडीच टनांच्या गाडीला ठीक. माझी जिमनी २४ वर खडकावर चेंडूसारखी उडते. मी खडकाला १८ ठेवतो, वाळूत १४-१५. प्रत्येकाने टायर किती फुगतोय ते डोळ्यांनी बघावं. आणि डांबरी रस्त्याला लागण्याआधी हवा परत भरणं, हे तुम्ही शेपटाला आहात तर तुम्हीच तपासा. कमी हवेत वेगाने गेलं की टायरची कड तापून फुटते.

शांत_इंजिन

माझं मत जरा वेगळं. मिसळून ताफे केले की म्होरके दोन होतात, आणि कुणी कुणाचं ऐकत नाही. आम्ही क्लब वेगवेगळे चालवले आणि फक्त मुक्कामाला एकत्र आलो. भांडण नाही, गोंधळ नाही.

मागचा_दिवा

@शांत_इंजिन, तुमचं म्हणणं समजलं, आणि ते सोपंही आहे. पण वेगवेगळं चालवायचं तर एकत्र जायचं तरी कशाला? त्यांच्या लोकांकडे विंचचा (रुतलेली गाडी ओढायला गाडीवर बसवलेल्या केबलच्या यंत्राचा) पंधरा-पंधरा वर्षांचा अनुभव आहे, आमच्या पोरांना तो जवळून बघायला मिळावा हीच माझी इच्छा. म्होरक्यांशी बोलते. एका ताफ्याला एकच म्होरक्या, दुसऱ्याने त्या दिवशी नुसती गाडी चालवायची. शनिवारी ते, रविवारी आम्ही, असं काही जमतंय का बघते.

गाडी बाहेर काढण्याबद्दल कुणी लिहील का? माझी खरी धास्ती तीच आहे.

पट्टा_आणि_शॅकल

लिहितो. तुमच्या सहलीत एक टन आणि अडीच टन अशा गाड्या एकमेकींना ओढणार आहेत, म्हणून हे नीट वाचा.

ओढायचा पट्टा दोन प्रकारचा असतो. नायलॉनचा ताणला जातो, आपल्या लांबीच्या २० ते ३० टक्के, आणि रबरासारखी ओढ देतो. पॉलिएस्टरचा जवळजवळ ताणत नाही. झाडाला गुंडाळायला किंवा विंचला जोडून लांबी वाढवायला तो चांगला, पण त्याने हिसका दिला तर सगळा झटका हुकांवर येतो. दोन्ही दिसायला सारखेच, आणि दोन क्लबांचं सामान एका पेटीत गेलं की घाईत कुणाच्या हातात काय येईल सांगता येत नाही. म्हणून पेट्या वेगळ्या ठेवा. ज्याच्या ताब्यात पेटी आहे त्यानेच पट्टा काढून द्यायचा.

जड गाडीसाठी घेतलेला जाड नायलॉनचा पट्टा जिमनीला लावला तर तो ताणतच नाही, मग तोही पॉलिएस्टरसारखाच वागतो. पट्टा दोन गाड्यांपैकी हलकीच्या वजनाला धरून निवडायचा. अडीच टनांची गाडी हलक्या गाडीला ओढत असेल तर धावत येऊन हिसका नको, पट्टा जेमतेम ढिला ठेवून सावकाश ओढा. नाहीतर हलकीचा हुक उपटून येतो.

ट्रेलर जोडायच्या गोळ्याला पट्टा कधीही अडकवू नका. तो गोळा हिसक्यासाठी बनलेला नसतो. तुटला की पट्ट्याच्या ताणाने गोफणीतल्या धोंड्यासारखा सुटतो आणि समोरच्या गाडीच्या काचेतून आत जातो. माणसं गेली आहेत त्याने. सहल सुरू होण्याआधी प्रत्येक गाडीचे मान्यताप्राप्त ओढ-बिंदू, पुढचे आणि मागचे, मालकाला हाताने दाखवायला सांगा. निम्म्या लोकांना मागचा कुठे आहे हे माहीत नसतं.

ओढताना बघ्यांनी पट्ट्याच्या लांबीच्या किमान दीडपट लांब उभं राहायचं, आणि बाजूला. पट्ट्याच्या रेषेत कुणी नाही. पट्ट्यावर मध्यभागी जड ब्लँकेट किंवा ओली गोणी टाका.

जिमनीच्या विंचने लँड क्रूझर ओढायची वेळ आली तर जिमनीच ओढली जाईल. तिचा मागचा बिंदू झाडाला रुंद पट्ट्याने बांधा आणि पुली वापरून केबल दुहेरी करा. ओढ जवळपास दुप्पट होते, वेग निम्मा. घाई नसतेच.

शेवटी, सामानाला रंगीत चिकटपट्टी लावा, एका क्लबची निळी, दुसऱ्याची पिवळी. आमचे चार शॅकल (पट्टा जोडायच्या लोखंडी कड्या) एका सहलीत दुसऱ्यांकडे गेले ते गेलेच, आणि पुढच्या वेळी चिखलात उभं राहून पेटी उघडली तेव्हा कळलं.

मागचा_दिवा

काल रात्री सगळे सुखरूप परतलो. तुम्हा सगळ्यांना कळवल्याशिवाय राहवेना.

शनिवारी सकाळी गोल करून खुणा केल्या. मूठ बाद केली तेव्हा त्यांच्यातल्या त्या मुरलेल्या गड्यानेच पहिल्यांदा मान डोलावली, आणि सगळ्यांसमोर त्या पोराच्या खांद्यावर हात ठेवला. काही बोलला नाही. केशरी जाकीट शनिवारी त्याने घातलं.

दुपारी काळ्या मातीच्या पट्ट्यात हलक्या गाड्या आधी सोडल्या. आमच्या ताफ्यातल्या सगळ्या जिमनी पार झाल्या, दोन नंबरची लँड क्रूझर मात्र अ‍ॅक्सलपर्यंत बसली. त्यांची विंचची गाडी पलीकडच्या ताफ्यात, चाळीस मिनिटांवर. आमच्या एका जिमनीला विंच आहे. तिला मागून झाडाला बांधलं, केबल पुलीतून दुहेरी घेतली. पहिल्यांदा केबल ताठ झाली तेव्हा जिमनीचं बोनेट खाली दबलं आणि झाडाच्या पट्ट्यातून कर्र असा आवाज आला, सगळे गप्प. मग चिखलाने चाक सोडल्याचा 'फच्च' आवाज, आणि ती धूड गाडी वीतभर पुढे आली. वीस मिनिटं लागली. आमची पोरं बाजूला, दीडपट अंतरावर, एका ओळीत उभी होती, मी मोजली.

रविवारी पोरगा पुन्हा तसल्याच पायरीला लागला. या वेळी मी उजव्या अंगाला, खाली, बाजूला उभी. त्याचं मागचं चाक कडेच्या सुट्या मातीवर जाताना मला दिसलं, जाकीटवाल्याला ते तिथून दिसणं शक्य नव्हतं. मी दोन्ही हात डोक्यावर फुलीसारखे धरून ओरडले, 'थांब!' गाडी जागच्या जागी थांबली. जाकीटवाल्याने फुली धरली, खाली येऊन चाक बघितलं, परत वर गेला आणि त्याला रिव्हर्समध्ये दोन हात मागे घेतलं. पोराने क्लचवरून पाय उचललेला मला खिडकीतून दिसला. दुसऱ्या खेपेला वाट बदलून तो वर गेला.

हवा भरताना पंधराही गाड्यांचे टायर मी स्वतः तपासले. सामान मोजताना मात्र चूक झालीच. त्यांच्या पिवळ्या पट्टीचा एक शॅकल आमच्या पेटीत आलाय. गुरुवारी नेऊन देते.