ट्रेलरसाठी १२ फुटी गेट पुरणार नाही

उरणकडच्या भातशेतीत गोदाम आणि रस्त्याच्या कडेलाच १२ फुटी गेट, असा तुमचा बेत दिसतोय. टेम्पोला चालेल. ४० फुटी कंटेनरचा ट्रेलर तिथे वळणार नाही.

हॉर्स, म्हणजे ओढणारं पुढचं इंजिनवाहन, धरून त्याची लांबी साधारण १६ मीटर. वळताना मागची चाकं पुढच्यांच्या मागोमाग येत नाहीत, आतला कोपरा कापतात. म्हणून गेट ८ मीटर रुंद ठेवा आणि रस्त्याला मिळताना दोन्ही कोपऱ्यांना १२ मीटर त्रिज्येची गोलाई द्या. गेट २० मीटर आत घ्या, नाहीतर वॉचमन चावी शोधेपर्यंत ट्रेलरची शेपटी रस्त्यावरच.

खरी चूक होते ती रस्त्याकडेच्या गटारावर, जे ओलांडून ट्रेलर आत येतो. तिथे एनपी४ ह्यूम पाइप, म्हणजे जड वाहनांसाठीचा सिमेंट काँक्रीटचा पाइप घ्या. ६०० मिमी व्यास चालतो, पण ९०० असेल तर गाळ काढणं सोपं. वर निदान ६०० मिमी भराव हवा. पाइपची लांबी गेटच्या मापाने नको, गोलाईसकट पूर्ण तोंडाच्या मापाने घ्या. आखूड पाइपच्या टोकावर मागचं चाक चढतं आणि तो फुटतो.

भातशेतीची चिकणमाती मुरूम गिळते. वरचा मऊ थर काढा, जिओटेक्स्टाइल (माती आणि मुरूम वेगळे ठेवणारं कृत्रिम कापड) अंथरा, मग २०० मिमीच्या थरांनी मुरूम टाकून प्रत्येक थरावर रोलर फिरवा.

पहिले १५ मीटर चढ २० मीटरला १ मीटरपेक्षा जास्त नको. हाय-क्यूब, म्हणजे नेहमीपेक्षा उंच कंटेनर ट्रेलरवर चढवला की जमिनीपासून सुमारे ४.४ मीटर उंच जातो, वरच्या तारा बघा. आणि गटाराला हात लावण्याआधी रस्ता ज्या खात्याचा, त्याची परवानगी.